फुकट वाटलं तर चोरायचं काय? होमब्रू क्लब, गेट्सचं पत्र आणि संपादक जिम वॉरन

संगणकाच्या मासिकाचा संपादक स्थानिक क्लबात बोलायला येतो तेव्हा काय होतं, हे आपल्याला पाठ आहे. ओळख, पुष्पगुच्छ, येत्या काळात काय काय येणार यावर तासभर भाषण, दोनचार प्रश्न, चहा-बिस्किटं. पाहुणा सांगतो, क्लब ऐकतो. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या एका क्लबात मात्र हा मामला उलटा होता. तिथे संपादक सभासदांमध्येच बसायचा, इतरांसारखा हात वर करून बोलायचा, आणि त्याच्या पुढच्या अंकाचा मजकूर आजूबाजूच्या खुर्च्यांवरच बसलेला असायचा.

क्लब होमब्रू कॉम्प्युटर क्लब, संपादक जिम वॉरन, मासिक डॉ. डॉब्ज जर्नल. प्रकरण आहे फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्सनं लिहिलेल्या पत्राचं, आणि क्लबाच्या वतीनं म्हणावं असं जे उत्तर वॉरननं दिलं त्याचं. सॉफ्टवेअर फुकट असावं की विकत, या वादाची सुरुवात म्हणून हे प्रकरण सांगायची रीत आहे. मला त्यात अधिक रस आहे तो संपादकाच्या बाजूनं. पैसा नाही, कारखाना नाही, कायद्याची ताकद नाही अशा माणसाच्या हातात नेमकं काय असतं, हे इथे स्वच्छ दिसतं.

यंत्र, गॅरेज आणि एक गहाळ पट्टी

होमब्रूची पहिली बैठक ५ मार्च १९७५ च्या पावसाळी रात्री मेन्लो पार्कला, गॉर्डन फ्रेंचच्या गॅरेजमध्ये भरली. तीसेक माणसं आली. पत्रक फ्रेड मूरनं काढलं होतं: तुम्ही स्वतःचा संगणक बनवताय का, टर्मिनल बनवताय का, की असलंच एखादं डिजिटल जादूटोण्याचं खोकं? मूर युद्धविरोधी चळवळीतला कार्यकर्ता. यंत्रापेक्षा माणसं एकत्र येण्यात त्याचा जीव होता. प्रत्येकानं काहीतरी आणावं, काहीतरी न्यावं, ही त्याची क्लबाची कल्पना.

बैठकीचं निमित्त होतं अल्टेअर ८८००. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की गावच्या मिट्स या छोट्या कंपनीचं हे यंत्र पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्सच्या जानेवारी १९७५ च्या मुखपृष्ठावर झळकलं आणि हौशी मंडळींनी चेक पाठवायला सुरुवात केली. सुटे भाग घेऊन घरी जोडायचं किट ३९७ डॉलरला. आत इंटेलचा ८०८० प्रोसेसर आणि २५६ बाइट मेमरी. कळफलक नाही, पडदा नाही. समोर खटक्यांची रांग आणि लाल दिवे. मुखपृष्ठावरचं यंत्र तर निव्वळ रिकामं खोकं होतं, कारण खरा नमुना न्यूयॉर्कला पाठवताना वाटेत हरवला. तरी मासिकाचा तांत्रिक संपादक लेस सॉलोमननं ते छापायचं धाडस केलं. एक मुखपृष्ठ एक उद्योग उभा करू शकतं, हे त्या महिन्यात सिद्ध झालं. पुढे होमब्रूमधल्या बॉब मार्श आणि ली फेल्सेनस्टाइन यांनी सॉलोमनच्याच सांगण्यावरून टर्मिनल बनवायला घेतलं, त्याचा पुरा संगणक झाला. त्याचं नाव ठेवलं सोल, आणि जुलै १९७६ च्या अंकावर तोही झळकला. सॉलोमन हा बाहेरून येऊन शिक्का मारणारा संपादक. त्याचीही गरज असते.

क्लब वाढत गेला. गॅरेजमधून शाळेत, शाळेतून स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरक केंद्राच्या सभागृहात. वर्षभरात शेकडो माणसं यायला लागली. सूत्रधार फेल्सेनस्टाइन, हातात लांब काठी. बैठकीचे दोन भाग: पहिल्यात एकेकानं उठून आपल्याकडे काय आहे आणि आपल्याला काय हवं आहे ते थोडक्यात सांगायचं, दुसऱ्यात सभा मोडायची आणि ज्याला ज्याच्याशी बोलायचंय त्यानं त्याला गाठायचं. पहिल्या भागात कुणी किती मोठा हे पाहिलं जात नसे. फेल्सेनस्टाइननं काठी रोखली की बोला, दुसऱ्यावर रोखली की बसा.

शाळेतल्या एका बैठकीत स्टीव्ह डॉम्पिअरनं अल्टेअर आणला आणि खटक्यांनी एकेक बाइट आत घालायला बसला. सगळा प्रोग्रॅम भरत आला आणि कुणाचा तरी पाय वायरमध्ये अडकला. वीज गेली, मेमरी कोरी. बिचाऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी शेजारी ठेवलेल्या रेडिओतून सूर निघाले. यंत्राच्या विद्युत गोंगाटातून त्यानं गाणं बसवलं होतं. लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. पण त्या रात्री दिसलेली दुसरी गोष्ट कमी महत्त्वाची नव्हती: प्रोग्रॅमिंगची भाषा हाताशी नसेल तर या यंत्राकडून काही करून घेणं म्हणजे तपश्चर्याच.

भाषा तयार होत होती. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी अल्टेअरसाठी बेसिक लिहिलं होतं, आकड्यांच्या गणिताचा भाग माँटी डेव्हिडॉफनं. विकायचं मिट्सनं, प्रत्येक प्रतीमागे या मुलांना रॉयल्टी. मेख किमतीत होती. मिट्सचे मेमरी बोर्ड घेतले तर बेसिक स्वस्तात, नुसतं बेसिक हवं असेल तर कित्येक पट किंमत. आणि मिट्सच्या ४ के (किलोबाइट) मेमरी बोर्डाची तऱ्हा अशी की बरेचसे धड चालतच नसत. मार्शच्या प्रोसेसर टेक्नॉलॉजी या कंपनीचे बोर्ड चालत. म्हणजे चालणारा बोर्ड घेतला की बेसिक महाग, बेसिक स्वस्तात घ्यायचं तर न चालणारा बोर्ड गळ्यात. त्यात पैसे आगाऊ भरून महिनोन्‌महिने वाट पाहणारे वेगळेच.

जून १९७५ मध्ये मिट्सचं फिरतं प्रदर्शन पालो आल्टोच्या एका हॉटेलात आलं. यंत्रावर बेसिक चालत होतं आणि बेसिकची छिद्रांची कागदी पट्टी जवळच पडली होती. ती कुणीतरी उचलली. पुढे ती चिप बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या एका सभासदाकडे पोचली. त्याच्याकडे वेगानं पट्ट्या पाडणारं यंत्र होतं. पुढच्या बैठकीला तो खोकंभर पट्ट्या घेऊन आला. अट एवढीच: एक न्याल तर पुढच्या वेळी दोन करून आणा.

याला चोरी म्हणायचं का? त्यांच्या लेखी ती मूरच्या नियमाची अंमलबजावणी होती. माझ्या लेखी ती चोरीच होती, फक्त चिडायला कारण असलेल्या माणसांनी केलेली. आणि अजून बाजारात न आलेल्या, चुका शिल्लक असलेल्या प्रतीची. त्यामुळे लेखकांचं नाव खराब झालं ते वेगळंच.

वीस वर्षांच्या मुलाचं पत्र

३ फेब्रुवारी १९७६ ची तारीख असलेलं ते पत्र पान-सव्वा पानाचं आहे. गेट्स तेव्हा वीस वर्षांचा. पत्रात त्यानं हिशोब मांडला: बेसिकचा पहिला मसुदा दोन महिन्यांत झाला, पण पुढचं जवळजवळ वर्ष तिघांनी सुधारणा आणि माहितीपुस्तिका करण्यात घालवलं. वापरलेल्या संगणक-वेळेची किंमत ४०,००० डॉलरच्या वर. वापरणारे खूश आहेत असं कळवतात, पण अल्टेअर असलेल्यांपैकी १० टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतलंय. रॉयल्टीची रक्कम कामाच्या तासांवर वाटली तर तासाला २ डॉलरसुद्धा पडत नाहीत. हार्डवेअरचे पैसे द्यावे लागतात हे सगळ्यांना मान्य, सॉफ्टवेअर मात्र वाटून घ्यायची वस्तू, त्यावर राबणाऱ्याला मोबदला मिळाला काय, न मिळाला काय. तुम्ही बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता, असं त्यानं सरळ लिहिलं.

पत्र छापणारा होता आपल्या प्रकरणातला दुसरा संपादक. डेव्हिड बनेल मिट्समध्ये काम करायचा आणि कंपनीचं कॉम्प्युटर नोट्स हे पत्र चालवायचा. तिथून ते क्लबांच्या वार्तापत्रांत गेलं, होमब्रूच्याही. बनेल पुढे पीसी मॅगझिन, पीसी वर्ल्ड आणि मॅकवर्ल्ड सुरू करणारा नामवंत संपादक झाला. पण १९७६ मध्ये तो ज्या खुर्चीवर होता ती कंपनीची होती. त्या खुर्चीवरून ग्राहकांना चोर म्हणणारं पत्र छापल्यावर ग्राहक ते कंपनीनंच म्हटलं असं समजणार, यात नवल नाही.

उत्तरं आली, बहुतेक तापलेली. हार्वर्ड विद्यापीठाच्या पीडीपी-१० वर झालेलं बेसिकचं काम सरकारी पैशांवर चालणाऱ्या संगणकावर झालं होतं, मग ४०,००० कुणाचे, असं काहींनी विचारलं. काहींनी म्हटलं, तुमचा करार मिट्सशी झालाय, फसगत झाली असेल तर भांडण तिथे करा. एप्रिलमध्ये गेट्सनं दुसरं आणि शेवटचं म्हणून पत्र लिहिलं, त्यात सूर बराच खाली आणला. सगळेच हौशी चोर नाहीत, हे मान्य केलं.

या सगळ्या पत्रापत्रीत एक गोष्ट कुणी खोडून काढली नाही, आणि खोडून काढणं शक्यही नव्हतं. हिशोबातले आकडे थोडे इकडेतिकडे असतील, पण चांगलं सॉफ्टवेअर लिहायला वेळ लागतो आणि त्याचे पैसे कुणीतरी द्यावे लागतात, हे खरंच होतं. फुकट काम करायला कोण तयार होईल, असा गेट्सचा प्रश्न होता. हा प्रश्न त्यानं अर्थातच उत्तराची अपेक्षा न ठेवता विचारला होता.

गंमत अशी की त्याचं उत्तर गेट्सच्या पत्राआधीच छापखान्यात गेलं होतं.

वॉरनची पानं

जिम वॉरन मुळात गणिताचा प्राध्यापक. एका कॅथलिक महाविद्यालयात विभागप्रमुख होता. त्याच्या घरच्या मेजवान्यांना पाहुणे कपडे न घालता वावरत, हे बाहेर आल्यावर नोकरी गेली. मग तो संगणकाकडे वळला आणि पीपल्स कॉम्प्युटर कंपनीच्या मंडळींत आला. नाव कंपनीचं असलं तरी हा सामान्य लोकांना संगणक शिकवायला निघालेला, वार्तापत्र काढणारा एक उपक्रम होता. कर्ताधर्ता बॉब आल्ब्रेख्ट.

१९७५ मध्ये आल्ब्रेख्टनं डेनिस ॲलिसनला गळ घातली: अल्टेअरसारख्या तुटपुंज्या मेमरीच्या यंत्रावर चालेल असं लहानसं बेसिक कसं बांधायचं ते लिही. ॲलिसननं तयार प्रोग्रॅम दिला नाही. रचना दिली, व्याकरण दिलं, कुठून सुरुवात करायची ते दिलं, आणि बाकीचं वाचकांवर सोपवलं. आकडे फक्त पूर्णांक, चलांना एकेक अक्षर, मुलांना शिकायला पुरेल एवढीच भाषा. वर्ष संपता संपता टेक्ससमधल्या टायलर गावाहून डिक व्हिपल आणि जॉन आर्नल्ड यांनी चालणारं टायनी बेसिक लिहून पाठवलं, अष्टमान (आठाच्या पायावरच्या) आकड्यांच्या यादीसकट.

ते छापायला जानेवारी १९७६ मध्ये वेगळं पत्र काढलं. बेत तीन अंकांचा होता. डेनिसचा ‘ड’ आणि बॉबचा ‘ऑब’ जोडून डॉब हे नाव झालं आणि पुढे संगणकी कसरती व दंतव्यंगोपचार असलं काहीतरी अचाट शेपूट लागलं. मागणी इतकी आली की पत्राचं नियमित मासिक करावं लागलं. संपादक वॉरन, पगार महिन्याला ३५० डॉलर.

वॉरन होमब्रूच्या बैठकांना नेमानं असायचा. त्या काळच्या आठवणींत तो धंद्यातल्या खबरी आणणारा, मोठ्या आवाजाचा, सगळ्यांशी बोलणारा माणूस म्हणून येतो. पण क्लबातल्या त्याच्या बोलण्याला वजन होतं ते आवाजामुळे नव्हे. सभेत कुणी म्हणालं की मी अमुक लिहिलंय, तर इतर संपादक त्यावर लेख मागवतील. वॉरन अख्खा प्रोग्रॅम छापायचा. ओळ न ओळ. पुढच्या महिन्यात ओहायोतला किंवा टेक्ससमधला माणूस तो टंकून चालवायचा, चूक सापडली तर पत्र लिहायचा, आणि ती दुरुस्ती त्याच्या पुढच्या अंकात. क्लबातली देवाणघेवाण एका सभागृहापुरती होती. वॉरननं तिला टपालाचा पत्ता दिला.

इथे एक व्यवहारी हिशोब करून पाहण्यासारखा आहे, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. टायनी बेसिक साधारण २ किलोबाइटांत, म्हणजे २,०४८ बाइटांत बसवता येई. अल्टेअरवर प्रत्येक बाइटसाठी आठ खटके वरखाली करायचे आणि मग साठवायचा खटका दाबायचा. एका बाइटला पाच सेकंद धरले तर जवळपास तीन तास, आणि कुणाचा पाय वायरीत अडकला नाही तर. हे कठीण आहे, पण अशक्य नाही. रविवारची एक दुपार. टेलिटाइप, म्हणजे छिद्रांची पट्टी वाचणारं टंकयंत्र, असेल तर सेकंदाला १० अक्षरांच्या वेगानं हीच पट्टी साडेतीन मिनिटांत आत जाते, पण टेलिटाइपची किंमत अल्टेअरच्या किटपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे कागदावर छापलेला २ के प्रोग्रॅम हा त्या काळात खराखुरा पुरवठा होता. ८ के बेसिक असं पानांवरून कुणी भरलं नसतं. वॉरनचं उत्तर चाललं ते यंत्रं लहान होती म्हणून, आणि ॲलिसननं भाषा मुद्दाम लहान ठेवली म्हणून. हे श्रेय तत्त्वाला देऊन मोकळं होणाऱ्यांनी खटके मोजलेले नसतात.

१९७६ मध्येच डॉ. डॉब्जमध्ये ली-चेन वांगचं पालो आल्टो टायनी बेसिक आलं. वांगही होमब्रूचाच. एक ॲरे (आकड्यांची रांग), सव्वीस चलं, सगळं २ के च्या आत, आणि यादीच्या माथ्यावर सर्व हक्क राखून ठेवण्याच्या वाक्याची टर उडवणारी ओळ: कॉपीलेफ्ट, सर्व चुका राखीव. हा शब्द पुढे फार गंभीर माणसांनी फार गंभीर अर्थानं वापरला. इथे तो एका इंजिनिअरचा विनोद होता.

मला मात्र सगळ्यात बोलकं वाटतं ते टॉम पिटमनचं उदाहरण. तोही होमब्रूचा सभासद. गेट्सचा मुद्दा त्यानं मनावर घेतला, पण उलट्या बाजूनं. लोक चोरतात की रास्त किंमत असेल तर देतात, हे बघूया म्हणून त्यानं मोटोरोलाच्या ६८०० प्रोसेसरसाठी टायनी बेसिक लिहिलं आणि किंमत ठेवली ५ डॉलर. लोकांनी पैसे पाठवले. मित्राकडून प्रत घेतलेल्या काहींनीसुद्धा मागाहून पाठवले.

वॉरननं हा धागा पकडला आणि जुलै १९७६ मध्ये तो संगणकशास्त्रज्ञांच्या एसीएम संघटनेच्या सिगप्लॅन नोटिसेस या पत्रात मांडला. म्हणणं साधं: सॉफ्टवेअर फुकट असेल, किंवा इतकं स्वस्त असेल की प्रत करत बसण्यापेक्षा विकत घेणं सोपं, तर ते चोरलं जाणारच नाही. आणि हे होऊ शकतं याचा पुरावा म्हणून टायनी बेसिकचा उपक्रम पुढे केला. जागेची निवड पाहा. क्लबात हे सांगून टाळ्या मिळाल्या असत्या, पण तिथे कुणाला पटवायचंच नव्हतं. ज्या प्राध्यापकांना आणि भाषा बनवणाऱ्यांना हौशी लोकांची ही धडपड पोरखेळ वाटायची, त्यांच्या दारात वॉरननं क्लबाची बाजू नेली. वाचकांना मासिक देणं हे संपादकाचं काम असतंच. क्लबाचं म्हणणं क्लबाबाहेर नेणं हे त्याहून अवघड, आणि ते फार थोडे करतात.

फुकट, पण कुणाच्या खर्चानं?

आता वॉरनच्या उत्तरातली पोकळी. टायनी बेसिक लिहिणारे बहुतेक जण दिवसा कुठेतरी पगार घेत होते. होमब्रूतला स्टीव्ह वॉझनिअॅक ह्यूलेट-पॅकार्डमध्ये इंजिनिअर होता. तिथल्या पगारावर रात्री त्यानं ६५०२ चिपभोवती संगणक बांधला, त्याचं बेसिक लिहिलं, आणि आराखड्याच्या प्रती क्लबात वाटल्या. याच संगणकाच्या, म्हणजे ॲपल वनच्या, १९७६ मधल्या जाहिरातीत आमच्या यंत्रांसाठीचं सॉफ्टवेअर फुकट किंवा नाममात्र किमतीत देणं हे आमचं धोरण, असं छापलेलं आहे. होमब्रूचा सगळा संस्कार त्या वाक्यात उतरलाय. पण ते वाक्य परवडतं ६६६.६६ डॉलरचा संगणक विकणाऱ्याला. नुसतं सॉफ्टवेअर लिहून पोट भरायचं ठरवलेल्या माणसाला वॉरनकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. पिटमनचे ५ डॉलर हे २ के च्या भाषेला पुरले. डिस्कवर चालणारी, दशांश आकडे हाताळणारी, सोबत नीट पुस्तिका असलेली भाषा त्या भावात किती दिवस सांभाळता आली असती?

गेट्सच्या बाजूलाही पोकळी होती, आणि ती त्याला वॉरनपेक्षा लवकर दिसली असं म्हणायला हवं. एकेका हौशी माणसाला पट्टी विकायची आणि त्यानं प्रत करू नये म्हणून पत्रं लिहायची, हा धंदा चालणार नव्हता. म्हणून मायक्रोसॉफ्टनं ग्राहकच बदलला. यंत्र बनवणाऱ्या कंपनीला बेसिक विकायचं, कंपनीनं ते चिपमध्ये भरून यंत्रासोबत द्यायचं. कमोडोर पेटमध्ये ते असंच गेलं. ॲपल टू मध्ये वॉझनिअॅकचं पूर्णांकी बेसिक होतं. दशांश आकड्यांची मागणी वाढल्यावर ॲपलनंही मायक्रोसॉफ्टकडूनच घेतलं आणि त्याला ॲपलसॉफ्ट म्हटलं. यंत्र विकत घेतलं की भाषा आतच असते, मग पट्टी कशाला चोरायची?

म्हणजे दोघांनी वेगवेगळ्या वाटेनं तीच अडचण काढून टाकली. घरी बसलेल्या माणसाला सुट्टं सॉफ्टवेअर विकायचा प्रसंगच येऊ द्यायचा नाही. वॉरननं ते छापून टाकलं, गेट्सनं यंत्रात पुरून टाकलं. आपल्याकडे मराठी फॉण्टचं असंच झालं. नव्वदच्या दशकात डीटीपीच्या दुकानांतून फॉण्टच्या फ्लॉप्या या हातातून त्या हातात फिरत, आणि विकणारे कुलुपं घालून थकत. पुढे युनिकोड फॉण्ट संगणकासोबतच यायला लागले, आणि निदान रोजच्या लिखाणापुरती ती फिरवाफिरव थांबली. कुणाची नीतिमत्ता सुधारली म्हणून हे झालं, असं कुणी म्हणणार नाही.

मग वॉरननं नेमकं काय साधलं? गेट्सला त्यानं हरवलं नाही. तसा त्याचा दावाही नव्हता. त्यानं एवढंच केलं की उत्तर वादात न देता वस्तूत दिलं, आणि ती वस्तू महिन्याच्या महिन्याला येत राहील अशी सोय केली. संतापलेली पत्रं बनेलकडेही आली, सगळ्या वार्तापत्रांत छापली गेली आणि विरली. टायनी बेसिकच्या याद्या उरल्या, कारण त्या चालवता येत होत्या. सॉलोमनकडे मुखपृष्ठ होतं, बनेलकडे कंपनीचा कागद. वॉरनकडे आतली रटाळ पानं होती, आकड्यांनी भरलेली. ती छापायला दुसरा कुणी संपादक धजावला नसता.

एक गोष्ट त्यानं क्लबाकडून शिकून मोठी केली. १९७६ च्या उन्हाळ्यात अटलांटिक सिटीला हौशी संगणकवाल्यांचं संमेलन झालं. एवढं सगळं घडतंय आमच्या खाडीकाठी आणि संमेलन पूर्व किनाऱ्यावर, हे त्याला खटकलं. होमब्रूचं वार्तापत्र सांभाळणाऱ्या बॉब रायलिंगला सोबत घेऊन त्यानं एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सिव्हिक ऑडिटोरियममध्ये वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर भरवला. प्रचारासाठी सिलिकॉन गल्च गॅझेट नावाचं फुकट वर्तमानपत्र काढलं. बारा हजारांहून जास्त लोक आले. ॲपल टू तिथेच पहिल्यांदा लोकांसमोर आला, आणि कमोडोर पेटही तिथे होता. होमब्रूच्या बैठकीतला पहिला भाग, म्हणजे उठा आणि तुमच्याकडे काय आहे ते सांगा, हाच तो. फक्त आता प्रत्येकाच्या पुढ्यात टेबल होतं आणि टेबलावर किमतीची पाटी.

क्लबाला याची किंमत मोजावी लागली. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त होतं तेच आता कंपन्या चालवत होते, आणि पुढच्या यंत्राबद्दल सभेत तोंड उघडणं त्यांना परवडत नव्हतं. बैठका डिसेंबर १९८६ पर्यंत चालल्या, पण कोड आणि आराखडे खुलेपणानं वाटायचे दिवस पहिल्या दोनतीन वर्षांतच सरले.

या प्रकरणाचा शेवटचा कागद एका दुकानात सापडतो. रेडिओ शॅकच्या दुकानसाखळीनं ऑगस्ट १९७७ मध्ये टीआरएस-८० बाजारात आणला, पडद्यासकट ५९९.९५ डॉलरला. त्याचं लेव्हल वन बेसिक बांधलं गेलं ते ली-चेन वांगच्या, डॉ. डॉब्जमध्ये छापून वाटलेल्या टायनी बेसिकवरून. पुढच्या वर्षी ग्राहकांना अधिक ताकदीची भाषा हवी झाली, तेव्हा कंपनीनं लेव्हल टू आणलं. ते मायक्रोसॉफ्टकडून विकत घेतलेलं होतं.